गोचिडीचा जगप्रवास

उन्हाळ्याच्या दिवसांत भर दुपारी गावाबाहेरच्या माळावर गुरे झाडाच्या सावलीत रवंथ करीत बसलेली असतात. अशा वेळी एखाद्या म्हशीच्या पाठीवर कावळा येऊन बसतो. तो तिच्या कानामागे, मानेखाली, मांडीच्या सांध्यात चोच घालतो. पण म्हैस त्याला हाकलीत नाही. उलट मान लांबवून ती स्वस्थ पडून राहते. कावळा तिच्या अंगावरच्या गोचिडी वेचून खात असतो. त्याला भक्ष्य मिळते आणि तिला आराम मिळतो.

गुराख्याच्या पोराला या गोचिडीचे मुळीच नवल वाटत नाही. रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टपोरी झालेली गोचीड त्याने लहानपणापासून पाहिलेली असते. एखादा मनुष्य पिच्छा सोडीनासा झाला, म्हणजे ‘तो गोचिडीसारखा चिकटला’ असे लोक म्हणतात. यापलीकडे तिची कोणी दखल घेत नाही. पण या क्षुद्र जीवाने समुद्र ओलांडले आहेत, खंडोखंडी असंख्य गुरांचा बळी घेतला आहे, राज्याराज्यांत तंटे लावले आहेत आणि मोठमोठ्या विद्वानांना एक धडाही शिकविला आहे, असे त्या पोराला कोणी सांगितले, तर ते त्याला खरे वाटणार नाही. जिला पंख नाहीत, पोहता येत नाही, जमिनीवरून थोडे अंतर चालणेही जिला जड जाते, ती गोचीड सातासमुद्रापार गेली तरी कशी?

हे कोडे उलगडण्यासाठी प्रथम गोचिडीचे जीवन समजून घेतले पाहिजे.

गोचिडीच्या जाती पुष्कळ आहेत. त्यांपैकी गाईगुरांच्या अंगावर राहणाऱ्या एका जातीला शास्त्रज्ञ ‘ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस’ असे म्हणतात. नाव लांबलचक असले, तरी प्राणी अगदी लहान आहे. गोचीड ही माशी किंवा ढेकूण यांच्यासारखा कीटक नव्हे. कोळी व विंचू हे तिचे भाऊबंद होत. म्हणूनच पूर्ण वाढलेल्या गोचिडीला सहा नव्हे, तर आठ पाय असतात.

पोटभर रक्त प्यालेली मादी गाईच्या अंगावरून आपोआप गळून जमिनीवर पडते. ती एखाद्या ढेकळाखाली किंवा पाचोळ्यात दडून बसते आणि तेथे दोन-तीन हजार अंडी घालते. एवढे काम झाले, की तिचे जीवन संपते. काही आठवड्यांनी त्या अंड्यांतून पिले बाहेर पडतात. ती खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतात व त्यांना सहाच पाय असतात. ही पिले गवताच्या पात्यावर चढतात, आणि पुढचे पाय हवेत पसरून वाट पाहत राहतात. त्यांच्या पुढच्या पायांवर एक विलक्षण इंद्रिय असते. जनावराचा श्वास, त्याच्या अंगाची ऊब आणि त्याचा वास ही सर्व त्या इंद्रियाला कळतात. अशी वाट पाहत ही पिले अन्नावाचून कित्येक आठवडे, कधी कधी काही महिनेही जिवंत राहू शकतात.

गाय चरत चरत त्या गवतापाशी आली आणि तिचे अंग पात्याला लागले, की पिले चटकन तिला बिलगतात. कोवळी कातडी शोधून ती तोंड आत खुपसतात. त्यांच्या लाळेत असे द्रव्य असते, की त्यामुळे रक्त गोठत नाही. सारखे वाहत राहते. ते पिऊन पिलू वाढते, कात टाकते, पुन्हा वाढते आणि पुन्हा कात टाकते. हे सर्व त्या एकाच गाईच्या अंगावर घडते. सुमारे तीन आठवड्यांनी मादी टपोरी होते, गळून पडते, आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते.

गोचिडीच्या प्रवासाचे मर्म या तीन आठवड्यांत आहे. या मुदतीत गाय जेथे जाईल, तेथे गोचीड जाते. गोचीड फार चालत नाही, गाय चालते. गोचीड समुद्र ओलांडीत नाही. गाय जहाजात बसते. पण गाय काही आपण होऊन जहाजात बसत नाही. तिला मनुष्य बसवितो.

या गोचिडीचे मूळ घर दक्षिण व आग्नेय आशिया होय. भारतही त्यातच आला. येथे ती हजारो वर्षे येथल्याच गुरांवर राहत आली. पण शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन प्रथम केले, ते मात्र दूर दक्षिण अमेरिकेत. इ. स. १८८८ मध्ये कानेस्त्रिनी या इटालियन शास्त्रज्ञाने पॅराग्वे देशातून आलेल्या गोचिडींवरून तिला नाव दिले. माहेर आशियात, आणि बारसे दक्षिण अमेरिकेत! विद्वानांना तिची ओळख पटण्याच्या आधीच गुरांच्या व्यापाराबरोबर ती अर्धे जग ओलांडून गेली होती.

गुराच्या अंगावरून थोडेसे रक्त गेले, एवढ्यानेच भागले असते, तर तिच्या प्रवासाची कोणी फारशी चिंता केली नसती. पण गोचिडीच्या पोटातून आणखी एक प्रवासी जात होता. तो साध्या डोळ्यांना दिसत नव्हता. त्याचा शोध कसा लागला, ही हकीकत उत्तर अमेरिकेतील आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या कुळातील दोन गोचिडी येऊन पोचल्या होत्या. एक ही आशियातील, आणि दुसरी तिची सख्खी बहीण शोभावी अशी भूमध्य समुद्राच्या बाजूची. दोघींचे रूप जवळजवळ सारखे, रीत सारखी आणि त्यांनी पसरविलेला रोगही एकच. दक्षिणेकडील संस्थानांत दुसरीचा फैलाव अधिक होता.

इ. स. १८६५ मध्ये तेथील यादवी युद्ध संपले. टेक्सस या दक्षिणेकडील संस्थानात गुरे उदंड होती आणि उत्तरेकडील शहरांत मांसाला मागणी होती. म्हणून घोड्यांवर बसलेले गुराखी हजारो गुरांचे तांडे शेकडो मैल हाकीत उत्तरेकडे नेऊ लागले. तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसून आली. टेक्ससची गुरे धडधाकट असत. ती ज्या कुरणातून जात, तेथे काहीही वाईट घडत नसे. पण महिना-दीड महिना लोटला, की त्याच कुरणात चरणारी स्थानिक गुरे तापाने फणफणत. त्यांची लघवी तांबडी-काळी होई, त्यांच्या अंगातले रक्त आटून जाई, आणि थोड्याच दिवसांत ती माना टाकीत. इ. स. १८६८ च्या उन्हाळ्यात इलिनॉय संस्थानात अशी हजारो गुरे मेली. या रोगाला लोक ‘टेक्सस ताप’ म्हणू लागले.

शेतकरी हवालदिल झाले. एकेका कुटुंबाचा संसार दोन-चार गाईंवर चाले. त्याच गाई डोळ्यांदेखत मरू लागल्या. कॅन्सस व मिसूरी येथील शेतकरी बंदुका घेऊन रस्त्यावर उभे राहिले व टेक्ससचे तांडे अडवू लागले. टेक्ससचे गुराखी म्हणत, “आमची गुरे पाहा, एकही आजारी नाही. ती रोग कशी आणतील?” शेतकरी म्हणत, “तुमची गुरे येऊन गेली, आणि आमची मेली.” दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच तंटा मिटत नव्हता.

या कोड्यात आणखीही गाठी होत्या. आजारी पडलेली उत्तरेकडील गाय दुसऱ्या गाईजवळ बांधली, तरी दुसरीला रोग होत नसे. कडाक्याची थंडी पडली, की रोग थांबे. मग हा रोग श्वासातून जातो, लाळेतून जातो, की गवतातून जातो? विद्वानांनी नाना तर्क लढविले. काही गुरेवाले मात्र साधी गोष्ट सांगत : “टेक्ससच्या गुरांवर गोचिडी असतात. ताप गोचिडींमुळे येतो.” विद्वान ते ऐकून हसत. गोचिडीसारख्या यःकश्चित जीवामुळे ताप येतो, हे त्यांना पटत नव्हते.

थिओबाल्ड स्मिथ हा तिशीतला तरुण शास्त्रज्ञ मात्र हसला नाही. जे लोक रात्रंदिवस गुरांमध्ये वावरतात, त्यांचे म्हणणे आधी तपासून पाहावे आणि मग त्याविषयी मत बनवावे, असे त्याने ठरविले. वॉशिंग्टन शहराजवळच्या एका प्रयोगक्षेत्रात, किल्बॉर्न या पशुवैद्याच्या मदतीने, इ. स. १८८९ च्या उन्हाळ्यात त्याने प्रयोग सुरू केले.

त्यांनी कुंपण घालून निरनिराळी कुरणे तयार केली. एका कुरणात दक्षिणेकडील गुरे त्यांच्या अंगावरच्या गोचिडींसह सोडली व त्यांच्याबरोबर उत्तरेकडील निरोगी गुरे ठेवली. दुसऱ्या कुरणातही अशीच दोन्हींकडची गुरे एकत्र ठेवली. पण तेथे दक्षिणेकडील गुरांच्या अंगावरची एकेक गोचीड हाताने वेचून काढली. हे काम किती कंटाळवाणे असेल, याची कल्पनाच करावी. पिले इतकी बारीक, की एकदा वेचून भागत नसे. पुन्हा पुन्हा गुरे तपासावी लागत. तिसऱ्या कुरणात दक्षिणेकडील एकही जनावर ठेवले नाही. नुसत्या गोचिडी आणून गवतावर पसरल्या आणि तेथे उत्तरेकडील गुरे चरू दिली.

काही आठवड्यांनी निकाल दिसला. पहिल्या कुरणातील उत्तरेकडील गुरे आजारी पडली. ज्या दुसऱ्या कुरणातून गोचिडी वेचून काढल्या होत्या, तेथील गुरे खुशाल चरत राहिली. आणि तिसऱ्या कुरणात, जेथे दक्षिणेची एकही गाय नव्हती, तेथे नुसत्या गोचिडींमुळे ताप आला! गुरेवाल्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी विद्वानांची गत झाली होती.

स्मिथ तेवढ्यावर थांबला नाही. आजारी गाईचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्याला तांबड्या पेशींत नासपतीच्या आकाराचे अतिसूक्ष्म जीव जोडीजोडीने बसलेले दिसले. हे जीव तांबड्या पेशी फोडतात, आणि फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो. हाच तो न दिसणारा प्रवासी. रुमानियातील बाबेश या शास्त्रज्ञाच्या नावावरून आज त्याला ‘बॅबेसिया’ म्हणतात. पुढे स्मिथने अंड्यांतून नुकतीच निघालेली गोचिडीची पिले एका निरोगी कालवडीच्या अंगावर सोडली. त्या पिलांनी यापूर्वी कोणाचेही रक्त चाखले नव्हते. तरी कालवडीला ताप आला. म्हणजे रोगाचे बीज आईकडून अंड्यांत व अंड्यांतून पिलांत उतरत होते.

आता सगळ्या गाठी सुटल्या. ताप लगेच न येता महिना-दीड महिन्याने येई; कारण गळून पडलेल्या मादीने अंडी घालावी, ती उबावी आणि पिलांनी नव्या गाईला चिकटावे, यास तेवढा काळ लागे. आजारी गाईजवळच्या गाईला रोग होत नसे. कारण मध्ये गोचिडीची एक पिढी जावी लागे. थंडीत रोग थांबे. कारण उत्तरेकडील थंडी गोचिडींना सोसत नसे. आणि टेक्ससची गुरे आजारी का पडत नसत? ती लहान वासरे असतानाच त्यांना गोचिडी चावलेल्या असत. वासराला हा रोग सौम्य होतो आणि एकदा होऊन गेला, की पुढे त्याचा फारसा त्रास होत नाही. उत्तरेकडील गुरांना मात्र तो प्रथमच आणि मोठेपणी गाठी. म्हणूनच ती मरत.

इ. स. १८९३ मध्ये स्मिथ व किल्बॉर्न यांनी हे सर्व प्रसिद्ध केले. पायांनी सरपटणारा एक यःकश्चित जीव रोगाचे सूक्ष्म जंतू एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे नेतो, हे सिद्ध करणाऱ्या अगदी पहिल्या प्रयोगांत त्यांची गणना होते. त्यानंतर चारच वर्षांनी, इ. स. १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉस याने भारतात सिकंदराबाद येथे हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात शोधून काढले.

शत्रू कळला, की उपाय सुचतो. गोचीड गाईच्या अंगावर सुमारे तीन आठवडे असते. मग दर दोन आठवड्यांनी प्रत्येक गाय औषधी पाण्याच्या हौदातून पोहवून काढली, तर एकाही गोचिडीला मोठी होऊन अंडी घालण्याची संधी मिळणार नाही. हिशेब अगदी साधा होता; पण तो अमलात आणणे फार कठीण होते. इ. स. १९०६ मध्ये अमेरिकेत ही मोहीम सुरू झाली. गावोगावी हौद बांधले गेले व त्यांत सोमलाचे विषारी पाणी भरले गेले. दर पंधरा दिवसांनी सगळी कामे टाकून गुरे मैलोगणती हाकीत न्यायची, हे गरीब शेतकऱ्यांना जाचक वाटले. काही ठिकाणी तर संतापून लोकांनी सुरुंग लावून हौद उडवून दिले. तरीही काम नेटाने चालू राहिले, आणि इ. स. १९४३ मध्ये, सदतीस वर्षांनंतर, टेक्ससच्या दक्षिण सीमेवरील एक चिंचोळा पट्टा सोडून बाकी सर्व देश या गोचिडींपासून मुक्त झाला.

इकडे आशियातली मूळ गोचीड दुसऱ्या वाटांनीही निघाली होती. इ. स. १८७२ मध्ये बटेव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ता, येथून काही गुरे जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर डार्विन बंदरात उतरली. त्यांच्याच अंगावरून गोचीड त्या खंडात गेली, असे मानले जाते. गुरांच्या कळपांबरोबर ती पूर्वेकडे सरकत क्वीन्सलँडमध्ये शिरली आणि इ. स. १९०६ पर्यंत न्यू साउथ वेल्सच्या सीमेवर पोचली. ऑस्ट्रेलियातील गुरे युरोपातून नेलेली होती. त्यांना या गोचिडीची कधीच सवय नव्हती. ज्या जिवाबरोबर आशियातील गाय हजारो वर्षे नांदली, त्याने या परक्या गुरांचा फडशा पाडला. पुढे इ. स. २०१२ मध्ये तेथील गोचिडीत थोडा फरक आढळल्यावरून काही शास्त्रज्ञांनी तिला वेगळे नाव दिले. परंतु तिचे कुळ व तिची करणी तीच आहे.

ऑस्ट्रेलियातही हौद बांधले गेले व सोमल वापरला गेला. पण काही वर्षांनी एक नवीच अडचण उभी राहिली. विषाने हजार गोचिडी मेल्या, तरी एखाद-दुसरी त्यातून वाचे. जी वाचे, तिचीच पिले पुढे वाढत; आणि आईचा चिवटपणा पिलांत उतरे. अशा रीतीने सोमल पचविणाऱ्या गोचिडी निर्माण झाल्या. मग दुसरे विष आले. तेही काही काळाने निकामी झाले. विष बदलत गेले. गोचीडही बदलत गेली.

मग खरा उतारा कोठे होता? तो होता गोचिडीच्या माहेरीच. वशिंड असलेली, सैल कातडीची भारतीय गाय हजारो वर्षे गोचिडींशी झुंजत आलेली आहे. पिले चिकटली, की तिच्या कातडीला खाज सुटते. ती अंग चाटते, घासते, शेपटीने झाडते. कातडीही पिलांना नीट रक्त पिऊ देत नाही. शेकडो पिले चढली, तरी त्यांतली फारच थोडी मोठी होतात. हा गुण आईबापांकडून वासरांत उतरतो.

अमेरिकेतील काही जाणत्या गुरेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतीय वळू मिळविण्यास आरंभ केला होता. सौराष्ट्रातील गीर, गुजरातेतील कांक्रेज, आंध्रातील ओंगोल आणि कृष्णाकाठच्या काळ्या मातीत नांगर ओढणारी कृष्णा खोऱ्यातील जात, या चार जातींच्या मिश्रणातून तेथे ‘ब्राह्मन’ नावाची नवी जात तयार झाली. म्हणजे सांगली-बेळगावकडच्या बैलांचे रक्तही तिच्यात आहे. इ. स. १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी अमेरिकेतून ही गुरे आणविली. शेतकरी प्रथम नाके मुरडीत होते. पण गोचिडींनी भरलेल्या कुरणात ही गुरे तग धरतात, हे पाहून त्यांचे मत पालटले. आज उत्तर ऑस्ट्रेलियातील बहुतेक गुरांत भारतीय वंशाचा अंश आहे. इ. स. १९९४ मध्ये तेथे गोचिडीविरुद्ध एक लसही निघाली. ती टोचलेल्या गाईचे रक्त गोचीड प्याली, की त्या रक्तानेच तिच्या आतड्यास इजा होते.

एवढे सगळे शिकल्यावर तरी मनुष्य सावध झाला असेल, असे वाटते. परंतु तसे झाले नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम आफ्रिकेतील बेनिन व आयव्हरी कोस्ट या देशांत दूध वाढावे, म्हणून ब्राझीलहून गिरोलँडो गाई आणल्या गेल्या. गिरोलँडो म्हणजे भारतातील गीर व युरोपातील होल्स्टीन यांचा संकर. हेतू चांगला होता. पण गाईंबरोबर गोचीडही आली. आशियातून अमेरिकेत गेलेली ही गोचीड आता अटलांटिक महासागर पुन्हा ओलांडून आफ्रिकेच्या या भागात उतरली. तेथील मेंढपाळ व गुराखी आपल्याकडील धनगरांप्रमाणे ऋतूऋतूंना पाण्याच्या व चाऱ्याच्या शोधात दूरवर भटकतात. त्यांच्या कळपांबरोबर ती टोगो, बुर्किना फासो, माली, नायजेरिया या देशांतही पसरली. तेथल्या मूळ गोचिडींना तिने अनेक ठिकाणी मागे सारले. आणि नेहमीचे औषध तिच्यावर चालत नाही, अशी तक्रार शेतकरी करू लागले. ते औषध पचविण्याचे शिक्षण ती बाहेरूनच घेऊन आली होती!

टेक्ससच्या सीमेवरील त्या चिंचोळ्या पट्ट्यातही लढाई संपलेली नाही. मेक्सिकोकडून भटकी गुरे गोचिडी घेऊन येऊ नयेत, म्हणून सरकारी पहारेकरी आजही रिओ ग्रांदे नदीच्या काठाने घोड्यांवरून गस्त घालतात. गुरे पकडता येतात, तपासता येतात, औषधी पाण्यातून काढता येतात. पण तेथे आता एक निराळाच पाहुणा गोचिडी वाहून नेऊ लागला आहे. तो म्हणजे भारतातील नीलगाय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारीची हौस म्हणून दक्षिण टेक्ससच्या मोठ्या कुरणांत नीलगाई सोडल्या गेल्या. आज त्या तेथे हजारोंनी आहेत. त्या कुंपण जुमानीत नाहीत, आणि त्यांना पकडून हौदात उतरविणे कोणालाही साधत नाही. आशियातील गोचीड आणि भारतातील नीलगाय, दोघींनाही मनुष्यानेच तेथे नेले. आणि परक्या भूमीत त्यांची पुन्हा गाठ पडली.

ही हकीकत परदेशातील असली, तरी ती आपल्या गोठ्यापर्यंत येऊन पोचते. महाराष्ट्रात दुधासाठी पाळलेल्या संकरित गाईंच्या अंगात परदेशी रक्त असते. त्या दूध भरपूर देतात. परंतु गोचिडींचा व गोचीडतापाचा त्रास त्यांना देशी गाईंपेक्षा अधिक होतो. म्हणून अशा गाईंचा गोठा कोरडा व स्वच्छ ठेवावा लागतो, भिंतींच्या फटी बुजवाव्या लागतात, आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने योग्य औषध योग्य प्रमाणात वापरावे लागते. बाजारातून आणलेले जनावर एकदम इतर गुरांत न बांधता काही दिवस वेगळे ठेवावे व त्याचे कान, मान आणि शेपटीखालचा भाग नीट पाहावा. हे काम लहान मुलेही करू शकतात. किंबहुना त्यांची तीक्ष्ण दृष्टी या कामी फार उपयोगी पडते.

गोचीड दुष्ट नाही. जगणे आणि वंश वाढविणे एवढेच ती जाणते. आपल्या मूळ घरी, आपल्या जुन्या सोबत्यांत ती एक उपद्रवी पण सोसवणारी शेजारीण होती. कावळा तिला खात होता, गाय तिला झाडून टाकीत होती, आणि वासरे लहानपणीच तिच्या रोगाशी ओळख करून घेत होती. मनुष्याने तिला जेथे हे काहीही नव्हते, तेथे नेऊन सोडले. आणि ती संकट बनली. गाय नेताना मनुष्याने फक्त गाय पाहिली. तिच्या कानामागे दडलेला दाण्याएवढा जीव पाहिला नाही. टेक्ससच्या गुरेवाल्यांनी तो पाहिला होता. थिओबाल्ड स्मिथचे मोठेपण हे, की त्याने त्यांचे बोलणे ऐकले, आणि मग स्वतःच्या हातांनी एकेक गोचीड वेचून ते खरे की खोटे, हे पाहिले.